सहासष्टाचे तेहतीस

ये गो शालू, अशी पुढे ये. दारात पाहुण्यासारखी कसली उभी राहतेस? बस या सतरंजीवर. आणि बसायच्या आधी एक सांग, ही कुठली रीत झाली? मंगळवारी आमच्या गणपतीच्या कारखान्यात लेकीचा, नंदाचा फोन येतो की आईंना जरा बरं नाही, आणि बुधवारी पहिल्या गाडीनं मी रोह्यात उतरते तोवर तू निघूनसुद्धा गेलेली. एवढी कसली घाई होती? मी पेणहून यायची होते, विलायतेहून नव्हे.

दचकलीस ना, शालू म्हटलं म्हणून? सहा वर्षं माझ्या मागे लागली होतीस. "सारखं विहीणबाई, विहीणबाई काय करता? माझं नाव शालिनी. माहेरी शालू म्हणायचे. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, म्हणा की शालू." मी म्हणायची, "छे हो, विहिणीला कोण नावानं हाक मारतं? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणणार नव्हते. मला तुला लांब ठेवायचं होतं, एवढंच. माझी एकुलती एक लेक तुझ्या घरात आली होती, तुला आई म्हणत होती. निदान मी तरी तुझ्या जवळ यायचं नाही, असं मी मनात धरून बसले होते.

तेराव्याला सगळी माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलली. मीही बोलले. डोळ्याला पदर लावून बोलले, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं सगळं बोलले नाही. खरं हे, की मला तुझा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवता जेवता घास अडकावा एवढा.

आठवतं, लग्नानंतर नंदा पहिल्यांदा गणपतीला पेणला आली तेव्हा? मी वालाचं बिरडं केलं होतं. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आमच्या आई ना, यात ओलं खोबरं शेवटी घालतात." आमच्या आई! मी वाढायचा डाव तसाच धरून उभी. म्हटलं, "मग मी कोण गो, शेजारीण?" ती हसली, तिला ते कळलं पण नाही. मला रात्रभर तुझं खोबरं बोचत राहिलं.

आणि तो कॉम्प्युटरचा क्लास. बारावी झाल्यावर नंदानं माझ्याकडे मागितला होता, पेणमध्ये नवीनच निघाला होता तेव्हा. मी म्हटलं, "कशाला? घरचा कारखाना हाय, रंगाचा हात चांगला हाय तुझा, बस गणपती रंगवत." पोर ब्रश घेऊन बसली. तुझ्याकडे आली आणि तू सहा महिन्यांत तिला क्लासला घातलीस. वर स्वतः तिच्याबरोबर स्टेशनापलीकडे चालत जायचीस म्हणे, तिला एकटं वाटू नये म्हणून. जे मी नाही म्हटलं ते तू दिलंस. यासाठी माणसाला हात जोडावेत. मी दात ओठ खाल्ले.

मग जावयांच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक तुमच्या घरी आला. त्यात ती मोटारगाडीची शर्यत होती. तुला सांगते शालू, रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेलं की मी गाडीत पदर सारखा करायची, केस चापायची, आता लेक दारात उभी असेल म्हणून. त्या दिवशी मी दारात येऊन पोचले तरी कुणाला पत्ता नाही. आत तुम्ही दोघी त्या पडद्यापुढे. एकच की-बोर्ड, नंदाकडे वळणं, तुझ्याकडे वेग. ती ओरडतेय, "आई, सोडा, सोडा, वळण आलं!" तू म्हणतेस, "नाय सोडत, बघू काय व्हतं!" गाडी गेली झाडावर आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसताय. सासू आणि सून! मी पिशवी घेऊन उंबऱ्यात. चार हातांचं काम होतं ते, तिथं पाचव्या-सहाव्या हाताला जागाच नव्हती.

तू मला बघितलंस आणि लगेच उठलीस. "या, या विहीणबाई, तुम्ही बसा माझ्या जागी." मी म्हटलं, "नको हो, मला नाय जमत ही थेरं." तुझं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

त्याच नवरात्रात मी चार दिवस तुमच्याकडे राहिले. खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी साचे, कोरण्या, ब्रश सगळ्यांची पूजा. माझे सासरे सांगायचे, कुंकू नुसतं टेकवायचं नाही, अंगठ्यानं दाबून लावायचं, अवजाराला कळलं पाहिजे. तुमच्याकडे तू विळी, पाटा, शिवणयंत्र मांडलंस, जावयांची स्कूटर धुतलीस. नंदा म्हणाली, "कॉम्प्युटरची पण करूया." तू म्हणालीस, "विहीणबाईंना करू दे, त्यांच्यात रीतीनं करतात." मान दिलास तू मला. आणि मी तो घेतला. त्या पेटीच्या पुढच्या अंगाला चांगलं मोठं चौकोनी बटण दिसलं, बाजूला हिरवे आकडे, सहासष्ट. मी बरोबर त्या बटणावर अंगठा दाबून कुंकू लावलं. टक् असा आवाज झाला. सहासष्टाचे तेहतीस झाले. मी बघितलं, शालू. मला वाटलं, पूजा पोचली.

तुमच्या घरात तो आकडा म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नंदाची समजूत, की पेटी आतून किती तापली ते दाखवतो. दसऱ्याला तीच म्हणाली, "बघा आई, पूजा केल्यापासून थंड झाला. निम्म्यावर आला." तू मला नमस्कार केलास. माझी छाती वीतभर फुगली.

आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडी अडखळायला लागली.

दिवाळीत भाऊबीजेला जावई नंदाला घेऊन पेणला आले, तेव्हा तिनं सांगितलं. "गाडी सरळ जातच नाय गो आई. अशी तुकड्यातुकड्यांनी जाते, लंगडल्यासारखी. वळण दिसतं तोवर आदळलेली असते. आमच्या आईंनी सगळं करून पाहिलं." मला ते कुंकू लावलेलं बटण आठवलं. आमच्या कारखान्यासमोर टायपिंगचा क्लास होता, त्या सरांनी नुकताच कॉम्प्युटर आणलेला. मी चकलीची बशी घेऊन गेले. तिथं अगदी तसलीच पेटी, तसलंच बटण. विचारलं, "सर, हे काय?" ते म्हणाले, "मावशी, हे वेगाचं बटण, आणि आकडा त्या वेगाचा. दाबलं की मशीन निम्म्या वेगानं चालतं, परत दाबलं की पूर्ववत. फार जुन्या खेळांसाठी ठेवलंय, ते एरवी भरधाव पळतात." मग त्यांनी समजावलं, की पडद्यावर काही हलत नसतं. मशीन एक चित्र काढतं, ते पुसतं, दुसरं काढतं. सेकंदाला वीस-पंचवीस चित्रं निघाली तर डोळ्याला गाडी पळताना दिसते. सात-आठच निघाली तर ती लंगडते. फ्रेम म्हणतात त्या चित्राला.

मी घरी आले. नंदा ओट्याशी बसली होती. सांगायचं तर चार शब्दांचं काम होतं. पण ती म्हणाली, "बरंच झालं बिघडला. रोज त्याच्यापुढेच बसायचो आम्ही दोघी. आता तुझ्याशी बोलत बसते." आणि बसली गो. चार दिवस बसली. माझ्या पायाला तेल लावलं, लहानपणीसारखी मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तोंड मिटलं.

भाऊबीज ते संक्रांत, एवढे दिवस मी ते मिटलेलं ठेवलं.

आणि तू काय केलंस? मला नंदा फोनवर सांगायची, मी ऐकून जळायची. दुकानदार म्हणाला, जुनं मशीन आहे, टाकून द्या. तू म्हणालीस, "कालपर्यंत चालत होतं ना? एका दिवसात म्हातारं व्हायला ते काय माणूस हाय?" तू पेटी उघडवलीस, आतला पंखा साफ केलास, आणि तोही कशानं? मी तुला देवाच्या मूर्ती झटकायला दिलेल्या मऊ केसांच्या ब्रशानं. मग नंदाचं क्लासचं पुस्तक घेऊन बसलीस. डिक्शनरी शेजारी. सातवी शिकलेली बाई! तुझा नियम एकच, एका वेळी एकच बदल करायचा, मग गाडी चालवून बघायची. पहिल्या वळणापर्यंत मनात आकडे मोजायचीस. पूर्वी चाळीसला वळण यायचं, आता पंचाहत्तरला. कंपनीची जुनी पत्रं काढून टाकलीस, आकडा तोच. आतलं विस्कटलेलं सामान ओळीनं लावायचा कसला तो प्रोग्राम, रंगीत चौकोन सरकत सरकत जागेवर बसतात, तो दुपारभर चालवलास, नंदा म्हणाली, "आई, शर्यतीपेक्षा तुम्हाला हेच आवडलंय." आकडा सत्तर. मग विंडोज म्हणतात त्या खिडक्याबिडक्या न उघडता सरळ काळ्या पडद्यावरून खेळ सुरू केलास. पासष्ट. चिकाटी कसली, गो! एका बटणाचं काम, आणि तू त्याच्याभोवती महिनाभर घासत होतीस. मला वाईट वाटत होतं? वाटत होतं. त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की ही बाई माझ्या लेकीच्या खेळण्यासाठी एवढं करते, आणि मी तिच्या क्लाससाठी एक होकार दिला नव्हता.

मार्गशीर्षात तू स्वतः पेणला आलीस. कारखान्यात माझ्या शेजारी बसलीस. मी आखणी करत होते, डोळे काढत होते, म्हणून तू श्वाससुद्धा हळू घेत होतीस. काम संपल्यावर विचारलंस, "विहीणबाई, श्रावणात तुमच्याकडे मूर्तीवर मूर्ती पाहिजे असतात, हात तर तेवढेच. मग करता काय?"

कुणी कारखान्याचं विचारलं की मला राहवत नाही. म्हटलं, "करायचं काय? दागिने कमी. खडे नाहीत, नुसती सोनेरी रेघ. मागची बाजू एका रंगात, मखरात बसल्यावर पाठ कोण बघतो? आणि लहान मूर्ती जास्त काढायच्या. तोंड मात्र आपलं असायचं तसंच. डोळ्यांत चोरी नाही."

तू बघतच राहिलीस माझ्याकडे. मग टाळी वाजवलीस. "हेच! मशीनचे हात तेवढेच, चित्रं जास्त पाहिजेत."

रोह्याला जाऊन तू खेळातले मागचे डोंगर बंद केलेस, झाडं बंद केलीस, रस्त्याकडेची माणसं घालवलीस. चित्र लहान करून पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं आणलंस. रस्ता आणि गाडी तेवढी ठेवलीस. वळण पंचेचाळीसला आलं. मी संक्रांतीला आले तेव्हा नंदा उड्या मारत होती, "आई, बघ, आमच्या आईंनी जमवलं!" दोन्ही आया एकाच वाक्यात. जिनं बिघडवलं ती एक आणि जिनं जमवलं ती एक. पोरीला काय माहीत. तू म्हणालीस, "अगो, मी कसली, तुझ्या आईची युक्ती ती." नंदानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत तुझ्या गळ्यात पडली. तू मला वाटा दिलास, तोही मला नको होता. तुझ्या हातून मिळालेला नको होता.

त्याच मुक्कामात तुम्ही परसात पोपटी लावलीत. मडकं पेटलेलं, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटलेला, वालाच्या शेंगा आत. नंदा आणि जावई जाळाशी. तू मला आत हाक मारलीस. "विहीणबाई, एक गंमत दाखवते." पेटीपुढे वाकलीस. ते चौकोनी बटण आत दबलेलं होतं आणि त्याच्या फटीत कुंकू होतं, सुकून काळं पडलेलं. तू बोट टेकवलंस. टक्. तेहतीसचे सहासष्ट.

"आज पुसताना दिसलं," तू म्हणालीस. "पूजेच्या दिवशी दबलं असणार."

मी म्हटलं, "हो का? बटण होतं होय ते?" फार लवकर म्हटलं मी. मला माझंच ऐकू आलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. आखणी करताना मी मूर्तीच्या तोंडाकडे बघते ना, तसं. "तुमच्या समोरच्या क्लासात पण असेल ना असलाच कॉम्प्युटर? नंदा म्हणत होती, दिवाळीत तुम्ही बघून आलात."

"मला काय ठाऊक गो बाय, मी चकली द्यायला गेलेली."

"व्हय," तू म्हणालीस. पदराच्या टोकानं ते कुंकू पुसलंस. "पुढच्या खंडेनवमीला जरा वरच्या अंगाला लावा हं." आणि हसलीस. मग बाहेर जाऊन मडकं उपडं करायला लागलीस, आणि पहिल्या गरम शेंगा माझ्या हातात ठेवल्यास.

तू नंदाला कधीच सांगितलं नाहीस. जावयांनाही नाही. त्या दिवसापासून गाडी भरधाव गेली, डोंगर परत आले, झाडं आली, माणसं आली, चित्र पडदाभर झालं, आणि नंदाला वाटत राहिलं की तुझ्या हातात जादू आहे. तुला कळलं होतं का, शालू? कुंकवाचं नाही विचारत मी, ते तर दिसतच होतं. मला ठाऊक असून मी गप्प बसले, हे कळलं होतं का? कळलं असून हसलीस, की भोळेपणानं हसलीस? त्यानंतर चार वर्षं दर भेटीत मी हे विचारायचं ठरवून यायची. निडी गेलं की वाक्य जुळवायची. दारात तू म्हणायचीस, "या, दमलात, आधी चहा घ्या," आणि वाक्य चहाबरोबर खाली जायचं.

जर कळलं असेल, तर त्याचाही मला हेवा वाटतो. मी असते तर बोलले असते. चारचौघांत बोलले असते. एवढं मोठं मन तू आणलंस कुठून? आपण दोघी तर एकाच खाडीचं मीठ खाऊन वाढलो, तू अलीकडे, मी पलीकडे.

आज नंदा रोह्यात त्याच क्लासात शिकवते. बाया येतात तिच्याकडे, चाळिशीच्या, पन्नाशीच्या. त्यांना ती पहिल्या दिवशी सांगते, "एका वेळी एकच बदल, मग चालवून बघा." माझ्या लेकीच्या तोंडात तुझं वाक्य. माझं तिच्याकडे काय आहे? नाक, म्हणतात लोक. नाक माझ्यासारखं आहे.

तेरावं झाल्यावर सगळे गेले. दुपारी नंदानं कॉम्प्युटर लावला. म्हणाली, "आई, बस ना. वेग तू घे." मी बसले. पहिल्यांदा बसले, शालू, सहा वर्षांत पहिल्यांदा. वळण आलं की मी घाबरून सोडून द्यायची. नंदा म्हणाली, "तू लवकर सोडतेस. त्या सोडायच्याच नाहीत." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना तुझ्या तेलाचा वास होता, तू करायचीस ते माक्याचं. घरात बाटली शिल्लक असेल अजून. मी तिला थोपटत होते आणि मनात म्हणत होते, बघ, गेलीस तरी तूच आहेस. मग ते म्हणणंही थांबलं. मला रडू आलं ते तुझ्यासाठीच आलं, तिच्यासाठी नाही. एवढं माझं तू बघायला हवं होतंस.

बटणाचं मी नंदाला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. पण आधी तुला सांगायचं आहे, तोंडावर, माझ्या तोंडानं. ज्याचं त्याला आधी.

काल नंदाचा फोन होता. म्हणाली, "आई, त्या माझ्या स्वप्नात आल्या होत्या. तिसऱ्यांदा. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधलं का, विचारत होत्या." तीन वेळा! पंधरा दिवसांत तीन वेळा तिच्याकडे, आणि माझ्याकडे एकदाही नाही? विहिणीचं घर तुला लांब झालं काय? बरणीची चौकशी करायला वेळ आहे, आणि माझी नाही?

ये गो शालू. जेवण झालं की मी अर्धा तास पडते, कारखान्याच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली. तेव्हा ये. आवाज देऊ नकोस, नुसती उशाशी बस. तुला काही बोलावं लागणार नाही, मीच बोलेन. तू ऐक आणि त्या दिवशी का हसलीस तेवढं सांग. रागावून सांगितलंस तरी चालेल, पण ये. उद्या नाही जमलं तर परवा. फार दिवस लावू नकोस.